आम्ही की आपण?

ताई,

आमचं शाळेचं शेवटचं वर्ष संपत आलंय. नऊ दिवसांनी निरोप समारंभ आहे आणि वर्गाच्या वतीने बोलायचं काम माझ्याकडे आलंय. वर्गात आम्ही ४२ जण आहोत. एकटीच्याच आठवणी सांगण्यापेक्षा सगळ्यांच्या सांगाव्यात, म्हणून मी प्रत्येकाला चिठ्ठी लिहून द्यायला सांगितलं. विषय दिला, ‘शाळेतली सगळ्यात धमाल आठवण’. माझ्याकडे ३८ चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या ११ चिठ्ठ्यांमध्ये एकाच मुलीचं टोपणनाव आहे. आठवीत मोठ्याने धडा वाचताना ती एका शब्दावर अडखळली होती. तोच शब्द पुढे तिचं नाव होऊन बसला. आजही सगळे तिला त्याच नावाने हाक मारतात, कधीकधी शिक्षकसुद्धा.

तिचीही चिठ्ठी आली. तिच्यात एकच ओळ आहे: ‘माझ्याबद्दल काही सांगणार असाल तर माझ्या नावाने सांगा.’

मी ती चिठ्ठी माझ्या जवळच्या मैत्रिणीला दाखवली. ती म्हणाली, ‘पण ते नाव तूच तर ठेवलं होतंस.’ ताई, मला हे खरंच आठवत नाही. सगळे म्हणायचे आणि मीही म्हणायचे, एवढंच आठवतं. भाषणात सगळ्यांसमोर तिची माफी मागावी असं वाटतं. मैत्रीण म्हणते, आता जाता जाता कशाला उकरून काढतेस, तो विषयच गाळून टाक. ‘ते सोनेरी दिवस’ अशी सुरुवात असलेलं भाषण मी फाडून टाकलंय आणि दुसरं काही सुचत नाही. मी काय करू?

— वर्गाच्या वतीने बोलणारी

*

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ३८ चिठ्ठ्यांच्या ढिगातून त्या एका ओळीची चिठ्ठी बाजूला ठेवून तुला पुढे जाता आलं असतं. बहुतेकांनी तेच केलं असतं. तू थांबलीस, म्हणून तुझ्याशी स्पष्ट बोलते.

व्यासपीठावरून माफी मागू नकोस. आणि विषय गाळूही नकोस. भाषणाच्या आधी, तिला एकटीला भेटून, तिच्याशी बोल. भाषणाचं त्यानंतर बघू.

व्यासपीठावर का नाही, ते सांगते. तू माइकसमोर उभी राहून माफी मागितलीस की त्याच क्षणी ४० जणांच्या माना तिच्याकडे वळतील. शिक्षक आणि पालकही बघतील. तिने हसावं, मान डोलवावी, डोळे पुसावेत, म्हणजे प्रसंग गोड होईल, अशी सगळ्यांची अपेक्षा तिच्यावर येऊन पडेल. आठवीत ती अडखळली तेव्हाही सगळा वर्ग तिच्याकडेच बघत होता. तेच दृश्य पुन्हा उभं करायचं नाही. शिवाय ज्यांना ते टोपणनाव ठाऊकच नव्हतं, त्यांनाही ते त्या दिवशी कळेल. टाळ्या तुला मिळतील आणि उत्तर देण्याची जबाबदारी तिच्यावर येईल. तुझ्या मनात असं काही नाही, हे मला माहीत आहे. पण सभागृहात घडेल ते हेच.

आता तुला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न. तूच ते नाव ठेवलंस आणि तुलाच आठवत नाही, असं कसं होईल? तू स्वतःशी खोटं बोलते आहेस का?

मला तसं वाटत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी माणसांना आयुष्यातले दोन प्रसंग लिहायला सांगितले: एक, ज्यात दुसऱ्याने त्यांना दुखावलं आणि दुसरा, ज्यात त्यांनी दुसऱ्याला दुखावलं. म्हणजे लिहिणारी माणसं दोन्हीकडे तीच होती. तरीही कहाण्या वेगळ्या निघाल्या. दुखावणाऱ्याच्या भूमिकेतून लिहिताना माणसं म्हणत होती की तो एकच प्रसंग होता, त्याला कारण होतं आणि तो केव्हाच संपला. दुखावलेल्याच्या भूमिकेतून लिहिताना त्याच माणसांना तो प्रसंग अजून संपलेला वाटत नव्हता. त्याचे परिणाम पुढे चालूच होते. तुझ्या वर्गात नेमकं हेच झालंय. तुझ्यासाठी ते आठवीतल्या एका दुपारचं वाक्य होतं. तिच्यासाठी ते त्या दुपारपासून आजपर्यंत दररोज कानावर येणारं नाव आहे. तुझ्या स्मरणातून ते निसटलं, कारण तुला ते जपून ठेवण्याचं काहीच कारण नव्हतं.

आठवणींबद्दल आणखी एक अभ्यास तुला सांगावासा वाटतो, कारण तू वर्गाच्या आठवणींचंच भाषण करणार आहेस. अमेरिकेत डॅनियल ऑफर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६२ साली सुरू केलेल्या एका अभ्यासात १४ वर्षांच्या ७३ मुलांशी सविस्तर बोलून त्यांच्या घराबद्दल, मित्रांबद्दल, शिक्षेबद्दल, स्वतःबद्दल त्यांना काय वाटतं ते नोंदवून ठेवलं होतं. त्यांतले ६७ जण ४८ वर्षांचे झाल्यावर पुन्हा भेटले आणि त्यांना विचारलं गेलं, ‘तेव्हा तुम्हाला काय वाटायचं?’ उत्तरं आणि जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, तर त्यांचा मेळ नुसत्या अंदाजाने बसला असता त्यापेक्षा बरा बसत नव्हता. ती माणसं सुस्थितीतली, धडधाकट मनाची होती आणि कुणीही खोटं बोलत नव्हतं.

म्हणून ‘मला आठवत नाही’ हे खरं असलं तरी ती तुझी बाजू म्हणून वापरू नकोस. मैत्रिणीला आठवतंय आणि त्या मुलीलाही बहुतेक आठवत असेल. शक्यता त्यांच्याच बाजूने जास्त आहे. आणि समजा, नाव दुसऱ्याच कुणी ठेवलं होतं असं निघालं, तरी तू ते वर्षानुवर्षं वापरलंस, हे तर तू स्वतःच लिहिलंयस. तेवढं पुरेसं आहे.

भेटायला जाशील तेव्हा मैत्रिणीला बरोबर नेऊ नकोस. दोघी-तिघी समोर उभ्या राहिल्या की घोळका होतो आणि घोळक्यासमोर ती आजवर जे करत आली तेच करेल: हसेल आणि ‘अगं, काही नाही’ म्हणेल. तिला निघून जाता येईल अशी जागा आणि वेळ निवड. तासाला उशीर होतोय, बाहेर कुणी वाट बघतंय, अशा वेळी हा विषय काढू नकोस.

काय बोलायचं? थोडंच बोल. तुला शब्द सापडेनात तर मी असं म्हणाले असते: ‘तुझी चिठ्ठी वाचली. ते नाव मी ठेवलं असं मला सांगण्यात आलं. मला ते आठवत नाही, पण आठवत नाही म्हणून ते कमी होत नाही. मी ते नाव इतकी वर्षं वापरलं. ते चुकीचं होतं. मी ते पुन्हा वापरणार नाही आणि माझ्या समोर कुणी वापरलं तर थांबवीन.’ इतकंच, आणि त्यानंतर गप्प राहा. ही शांतता तुला खूप लांब वाटेल. ती भरून काढायला ‘आम्ही तसं मनापासून म्हणत नव्हतो गं’ असं काही तोंडातून जाईल, ते मात्र जाऊ देऊ नकोस.

‘मला माफ कर ना’ हेही नको. रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली माफीचे सहा भाग वेगळे काढून लोकांना कुठला भाग किती पटतो ते तपासलं होतं. सगळ्यात जास्त वजन होतं ‘चूक माझी होती’ या कबुलीला आणि त्याखालोखाल झालेलं नुकसान भरून काढण्याच्या तयारीला. सगळ्यात कमी वजन होतं ‘मला क्षमा कर’ या विनंतीला. मला ते पटतं. क्षमा मागितली की समोरच्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि ही मुलगी गेली कित्येक वर्षं नुसती देतेच आहे. तिने माफ केलं तर तिचा मोठेपणा. नाही केलं, तर तो तिचा हक्क आहे आणि त्यावर तू नाराज व्हायचं नाहीस. ती कदाचित चिडेल. ‘आता आठवलं का? नऊ दिवस राहिल्यावर?’ असं विचारेल. तेव्हा ‘हो, उशीर झाला’ एवढंच उत्तर खरं आहे.

मग तिला विचार की भाषणात तिचा उल्लेख हवा आहे का, हवा असेल तर कुठल्या गोष्टीबद्दल. तिची ओळ पुन्हा वाच: ‘माझ्याबद्दल काही सांगणार असाल तर माझ्या नावाने सांगा.’ ‘मला वगळा’ असं तिने लिहिलेलं नाही. ती चिठ्ठी न देणाऱ्या तिघांमध्येही नव्हती. तिने चिठ्ठी दिली. या वर्गाने आपल्याला काहीतरी म्हणून लक्षात ठेवावं, अशी इच्छा त्या ओळीत आहे, आणि कशा रूपात ठेवावं हेही तिने सांगून टाकलंय. तुझी मैत्रीण म्हणते तसा विषय गाळलास, तर जिने पुढे होऊन दार उघडलं तिच्याच तोंडावर ते बंद केल्यासारखं होईल.

आता त्या ११ चिठ्ठ्या. इथे तुझी गय करणार नाही. त्या ११ जणांकडे तुलाच जायला हवं, एकेकट्याकडे. भाषण देण्याची गरज नाही. ‘तुझी ही आठवण मी वाचणार नाही, तिला ते नाव नकोय, तू दुसरी एखादी दे’ इतकं पुरे. तिची चिठ्ठी मात्र कुणालाही दाखवू नकोस. मैत्रिणीला दाखवलीस तेवढं बस झालं. काही जण म्हणतील, ‘तिला तर कधी वाईट वाटलं नाही, ती स्वतःच हसायची.’ हसायची, कारण रडली असती तर ते नाव आणखी घट्ट चिकटलं असतं. हे तू त्यांना समजावून सांगू शकलीस तर उत्तमच, नाही सांगता आलं तरी नाव वाचलं जाणार नाही, हे पक्कं ठेव. वर्गाच्या फोटोखाली नावं छापणार असाल, आठवणींची वही काढणार असाल, तर तिथेही स्वतः डोळ्यांखालून घाल.

शिक्षकांचं तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस. मला तिथे थांबावंसं वाटतं. मोठ्या माणसाने वर्गात ते नाव घेतलं की मुलांचं चिडवणं अधिकृत होतं. हा भार तुझा नाही. पण ज्यांच्याशी तुला मोकळेपणाने बोलता येतं अशा एखाद्या शिक्षकांना समारंभाआधी हे जरूर सांग, म्हणजे त्या दिवशी प्रेमाने म्हणून कुणी तेच नाव पुकारणार नाही.

एवढा आटापिटा एका नावासाठी कशाला, असं तुला कुणी विचारेल. हॅरी बारिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली १७ ते ७४ वर्षं वयाच्या ३९२ जणांना त्यांच्या शाळासोबत्यांचे जुने फोटो आणि नावं दाखवून काय ओळखता येतं ते पाहिलं होतं. शाळा सोडून ३५ वर्षं झालेल्यांनाही दहातले नऊ चेहरे ओळखता येत होते. शाळेत शिकलेलं कितीतरी पुसून जातं, पण चेहरे आणि नावं टिकतात. तुमच्या वर्गातल्या ४१ जणांच्या डोक्यात तिचा चेहरा आयुष्यभर राहणार आहे. त्या चेहऱ्याखाली कुठलं नाव असेल, हे ठरवायला तुमच्याकडे नऊ दिवस आहेत. पुढे कुणी रस्त्यात तिला ओळखेल, धावत येईल आणि तोंड उघडेल. तेव्हा तोंडातून काय येईल, याचा विचार कर.

आता तुझ्या भाषणाकडे येते, कारण ते न सुचण्याचं कारणही इथेच आहे.

आपल्या भाषेत एक फार नेमकी सोय आहे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा त्यात नसतो. ‘आपण’ म्हटलं की ऐकणारा त्यात येतो. ‘आम्ही चाललो’ म्हटलं तर तू मागे राहतेस. ‘आपण चाललो’ म्हटलं तर तू बरोबर असतेस. लहान मूल हा फरक कुणी न शिकवता बोलायला लागतं. आता त्या ११ चिठ्ठ्या पुन्हा काढ आणि बघ. ‘आम्ही तिला अमुक म्हणायचो आणि खूप हसायचो.’ ती मुलगी समोरच्या रांगेत बसून हे वाक्य ऐकणार होती, आणि व्याकरणानेच ती त्या वर्गाबाहेर होती. ‘आपण तिला चिडवायचो’ असं तिच्यासमोर म्हणून बघ. जीभ अडते. जिथे जीभ अडते ती आठवण सगळ्या वर्गाची नसते.

तुझं भाषण याच कसोटीवर लाव. प्रत्येक वाक्य ‘आपण’ घालून म्हण आणि ते म्हणताना एकेका बाकाकडे मनातल्या मनात बघ. शिक्षकांना उद्देशून बोलशील तिथे ‘आम्ही’ बरोबर आहे, कारण तिथे ऐकणारे वेगळे आहेत. पण वर्गाशी बोलताना ‘आपण’ टिकत नसेल, तर ते वाक्य काढ किंवा ज्याची आठवण आहे त्याच्या नावावर सांग: ‘आपल्यातल्या पाच जणांची ही गोष्ट.’ पाच जणांची गोष्ट पाच जणांची म्हणून सांगण्यात काहीच कमीपणा नाही. ती ४२ जणांची म्हणून सांगितली की उरलेल्या ३७ जणांना आपण तिथे नव्हतो हे नव्याने कळतं.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. माझ्या वर्गाच्या निरोपाला मीच बोलले होते. चांगलं बोलले असं सगळे म्हणाले होते आणि मीही ते मानून चालले होते. बऱ्याच वर्षांनी वर्ग पुन्हा एकत्र जमला. शाळेत फारसा न बोलणारा एक जण माझ्या शेजारी बसला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, ‘तुझं भाषण मला आठवतं. तू ज्या वर्गाबद्दल बोललीस त्या वर्गात असायला मला आवडलं असतं.’ त्याच्या आवाजात राग नव्हता. घरी येऊन मी ते भाषण आठवून पाहिलं. त्यात सहली होत्या, नाटक होतं, सामने होते. तो सहलींना यायचा नाही. नाटकात नव्हता. संघातही नव्हता. तो रोज वर्गात यायचा, आणि मी रोजच्या वर्गाबद्दल एकही वाक्य बोलले नव्हते.

म्हणून तुझी चिठ्ठ्यांची कल्पना मला आवडली, फक्त विषय बदल. ‘सगळ्यात धमाल आठवण’ असं विचारलं की माणसं जोरात हसल्याचे प्रसंग शोधतात आणि जोरात हसण्याच्या प्रसंगात बरेचदा कुणाचा तरी बळी गेलेला असतो. त्याऐवजी असं विचार: ‘या वर्गात कुणीतरी तुझ्यासाठी केलेली एखादी गोष्ट, जी त्याला स्वतःला आठवत नसेल.’ कारण विसरण्याचा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. तुला तुझं दुखावणं आठवत नाही, तसं कुणाला तरी आपलं चांगुलपण आठवत नसेल. परीक्षेच्या आधी कुणी वही दिलेली असेल. कुणी गैरहजर मित्रासाठी गृहपाठ उतरवून ठेवलेला असेल. खेळात निवड होताना शेवटी उरलेल्याला कुणी मुद्दाम आधी घेतलेलं असेल. देणाऱ्याला ते विसरायला झालं असेल, घेणाऱ्याला नाही. अशा चिठ्ठ्या आल्या तर तुला भाषण लिहावं लागणार नाही, फक्त लावावं लागेल.

ज्या तिघांनी चिठ्ठी दिली नाही त्यांना पुन्हा पुन्हा विचारून भंडावू नकोस. एकदा समोर बसून, कागदाशिवाय विचार. लिहायला नको वाटणारी मुलं बोलतात. आणि ‘मला काही सांगायचं नाही’ म्हणाले तर तेही मान्य कर. कुणाला इथून फक्त बाहेर पडायचं असेल. शाळा सगळ्यांसाठी सुखाची जागा नसते, हे तू एका वाक्यात सरळ म्हणू शकतेस: ‘काही जणांना आज सुटल्यासारखं वाटत असेल, आणि त्यांनाही तसं वाटण्याचा हक्क आहे.’ असं वाक्य ऐकून मागच्या रांगेतलं कुणीतरी पहिल्यांदा मान वर करेल.

मैत्रीबद्दल बोलणार असशील, आणि निरोपाच्या भाषणात ते येतंच, तर एक गोष्ट जरूर सांग. जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या ५४ विद्यार्थ्यांना पहिल्या बैठकीत चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छेने जागा देण्यात आल्या होत्या. वर्षभराने पाहिलं, तर त्या दिवशी शेजारी किंवा निदान त्याच रांगेत बसलेल्यांची मैत्री इतरांपेक्षा दाट झालेली होती. हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्याही आधी, १९७४ साली, पोलीस प्रशिक्षणार्थींच्या एका अभ्यासात दिसलं होतं की आडनावाच्या आद्याक्षरानुसार जागा आणि खोल्या दिल्यामुळे मैत्र्याही अक्षरक्रमानेच जुळल्या. आपल्याला वाटतं, स्वभाव जुळले म्हणून मैत्री झाली. बरेचदा आधी बाक जुळलेला असतो आणि स्वभाव मागून जुळतात. याचा दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांना या वर्गात जिवाभावाचं कुणी मिळालं नाही, त्यांच्यात काही उणं होतं असं नाही. त्यांना हजेरीपटाने, उंचीने, मध्येच शाळा बदलावी लागल्याने शेजार मिळाला नाही, इतकं साधं ते असू शकतं. पुढच्या ठिकाणी जागा नव्याने मिळतील. हे वर्गात कुणालातरी ऐकायची फार गरज असते.

आणि ‘सोनेरी दिवस’ तू फाडलंस ते बरं केलंस. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ साली योहानेस होफर नावाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने एका आजाराचं नाव म्हणून घडवला. त्याच्या अर्ध्या भागात ग्रीक भाषेतली वेदना आहे. आपण त्याला ‘स्मरणरंजन’ म्हणतो. ‘रंजन’च्या मुळाशी रंगवणं आहे. मागे वळून बघताना रंग चढतोच, तो कुणाला चुकत नाही. फक्त तुम्ही अजून शाळेतच आहात. तुमच्या भिंतींवर अजून तुमचीच अक्षरं आहेत. रंग चढवायला पुढे आयुष्य पडलंय. आत्ता जे जसं आहे ते तसं सांगायची संधी फक्त तुम्हालाच आहे. मधल्या सुट्टीच्या घंटेआधीची ती चुळबुळ, निकालाच्या दिवशी घरी जाताना मंद झालेली पावलं, नव्या शिक्षकांनी पहिल्यांदा बरोबर नाव घेतल्यावर वाटलेलं ते काहीतरी. हे सोन्याचं नसेल, पण ४२ जणांना ते ओळखता येईल.

भाषणात त्या मुलीचा उल्लेख करायला तिने हो म्हटलं, तर तो इतरांच्या उल्लेखांमध्येच येऊ दे, जसा कुणाचाही येतो. स्वर बदलू नकोस, थांबू नकोस, तिच्याकडे रोखून बघू नकोस. तिला जे सांगावंसं वाटतं ते, तिच्या पूर्ण नावाने, एका वाक्यात सांग आणि पुढच्या नावाकडे जा. तिने नको म्हटलं, तर कुणाचीच नावं न घेता भाषण कर, म्हणजे तिचं नसणं कुणाच्या लक्षात येणार नाही. दोन्ही तऱ्हांनी भाषण चांगलं होऊ शकतं.

आज घरी गेल्यावर भाषण लिहायला बसू नकोस. तिच्याशी बोलायची ती चार वाक्यं लिही, मोठ्याने वाच, ‘पण’ने सुरू होणारं एखादं वाक्य सापडलं तर खोड. उद्या जा. परवा त्या ११ जणांशी बोल आणि नवा प्रश्न लिहून वर्गात चिठ्ठ्या वाट. मग भाषणासाठी तुझ्याकडे जवळजवळ आठवडा उरतो.

तुझी,
ताई